धाकटीचा पाव तास

तिच्याकडे इमारतीचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते वासामुळे. त्याआधी कितीतरी वर्षं ती त्याच जिन्यावरून चढत-उतरत होती. सकाळी डबा घेऊन खाली, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन वर. समोरून कुणी आलं की भिंतीला लागून उभी राहायची, वाट द्यायची, आणि पुढे गेलेल्या माणसाच्या ती लक्षातही राहायची नाही. तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका राहत. दार उघडं टाकून, डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसलेले असत. जिन्यावरून कोण गेलं हे मान वर न करता नुसत्या पावलांवरून सांगायचे. हिची पावलं मात्र त्यांनाही कधी ओळखू आली नव्हती.

एका संध्याकाळी त्यांनी भिंग काढलं, नाक वर केलं आणि बायकोला हाक मारली.

"अगं, कुणाकडे पाहुणे आलेत का? भारी साबणाचा वास येतोय."

"साबणाचा नाही, फुलांचा आहे," काकू आतून म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावरून येतोय."

"दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं?"

काकूंना जरा आठवावं लागलं. "ती नाही का, पाण्याच्या ऑफिसातली. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याची बायको."

घरात तिला धाकटी म्हणत. ती लग्न होऊन आली तेव्हा मोठी जाऊ थोरली होती, म्हणून ही धाकटी. थोरली लवकरच नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेली, पण हिचं नाव चिकटलं ते चिकटलंच. केस पांढरे व्हायला लागले, मुलगी कॉलेजात गेली, तरी सासूबाईंची हाक "धाकटे!" अशीच यायची. जणू थोरली अजून स्वयंपाकघरात उभी आहे आणि हाकेचा घोटाळा व्हायला नको.

धाकटी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसे. खिडकीला जाड काच होती आणि काचेला खाली अर्धगोल भोक. माणूस आधी सरळ उभा राहून बोले, मग त्याला वाटे की आपला आवाज आत पोचत नाही, म्हणून तो वाकून तोंड त्या भोकाशी आणी. मग राग भोकातून आत येई आणि रागाबरोबर तोंडाचा वासही. तंबाखूचा, कच्च्या कांद्याचा, किडलेल्या दाढेचा. कुणाच्या नळाला पाणी नसे, कुणाचं घर वर्षभर बंद असून मीटर पळालेला असे, कुणाच्या दारापुढचा खड्डा खणून तसाच टाकलेला असे. यातलं काहीही धाकटीनं केलेलं नसे आणि यातलं काहीही दुरुस्त करणं तिच्या हातात नसे. तिनं लिहून घ्यायचं, तक्रारीचा क्रमांक द्यायचा आणि हसायचं. हसायचं हे नवीन होतं. नव्या साहेबांनी खिडकीच्या आतल्या बाजूला पाटी लावली होती, 'हसतमुख राहा'. बाहेरच्याला ती पाटी दिसत नसे. त्याला वाटे, ही बाई आपल्या हालांना हसतेय. तो आणखी भडके.

या सगळ्याचा परिणाम तिच्या जबड्यावर झाला. झोपेत ती दात इतके करकरा खायची की सकाळी घास चावताना कानापर्यंत कळ जायची. घरातला फोन वाजला तरी छातीत धडधडायचं. डॉक्टरांनी तपासलं आणि मीठ कमी करा म्हणावं तशा सुरात सांगितलं, "ताण कमी करा."

शेजारच्या खिडकीवर तिच्याहून मोठ्या एक बाई बसत. सगळी कचेरी त्यांना ताई म्हणे. निवृत्तीला आल्या होत्या, त्यामुळे त्यांना कुणाचंच भय उरलं नव्हतं. एका दुपारी त्यांनी पर्समधून एक तपकिरी काचेची बाटली काढली, बोटाएवढी.

"हे घे. लॅव्हेंडर आहे. हुंगून बघ."

"कशाला?"

"बये, दिवसभर जगाच्या तोंडाचे वास घेतेस. एखादा आपल्या पसंतीचा घे."

धाकटीनं हुंगलं. धुतलेल्या चादरी उन्हात वाळत घातल्यावर त्यांच्यामधून चालत जावं, तसं काहीतरी तिला वाटलं. तिनं बाटली परत दिली नाही, आणि ताईंनी मागितली नाही.

त्याच सुमारास मुलगी शिक्षणासाठी वसतिगृहात राहायला गेली आणि घरातली छोटी खोली रिकामी झाली. एक खाट, एक टेबल, एक खिडकी आणि आतून लागणारी कडी. घरात आतून कडी लागणारी आणखी एकच जागा होती, आणि तिथे कुणी फार वेळ बसलं की बाहेरून दार वाजायचं.

धाकटी कुठलीही गोष्ट करायला घेतली की रीतसर करायची. औषधाच्या दुकानातल्या मुलीला विचारून विचारून तिनं सगळं समजून घेतलं. ही तेलं म्हणजे वनस्पतीचा काढलेला कडक अर्क. नुसती कातडीला लावायची नाहीत, आधी साध्या बिनवासाच्या तेलात थेंब-दोन थेंब घालून मिसळायची. पाण्यात टाकून भागत नाही, कारण तेल पाण्यात मिसळतच नाही. नवीन तेल असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. लॅव्हेंडरनंतर तिनं संत्र्याच्या सालीचं तेल आणलं, मग पुदिन्याचं. एकदा दालचिनीचं दिसलं. दुकानातली मुलगी म्हणाली, "हे फक्त वासापुरतं हं. हे अंगाला नकोच." धाकटीनं ते घेतलं, कारण तो वास तिला फार आवडला, आणि घरी आल्यावर वरच्या फळीवर मागे ठेवलं.

संध्याकाळी कचेरीतून आली की ती हातपाय धुई, एका पसरट भांड्यात कढत पाणी घेई, त्यात दोन थेंब टाकी, छोट्या खोलीत जाऊन कडी लावी आणि खाटेच्या काठावर बसे. पाय जमिनीला टेकलेले, हात मांडीवर. वाफ तोंडावर येऊ द्यायची. पाव तास. तेलानं ताण जातो का, असं कुणी तिला खोदून विचारलं असतं तर तिनं खरं ते सांगितलं असतं, की तेल थोडं करतं आणि बाकीचं कडी करते. पण दोन्ही मिळून काम होत होतं. महिन्याभरात तिच्या जबड्याची कळ गेली. सकाळी ती पुन्हा दोन्ही बाजूंनी चावून जेवायला लागली.

हे घरात लपून राहणं शक्य नव्हतं.

"धाकटे, रोज दार लावून करतेस काय?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"वास घेते, आई."

"वास घ्यायला दार कशाला लागतं?"

"नाहीतर तो सगळ्या घरभर जातो."

"मग जाऊ दे की! आम्हाला काय नाकं नाहीत?"

नवरा पेपरातून हसला. "आई, तिला एकटीलाच श्रीमंत व्हायचंय."

नवरा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. हात उगारणारा नव्हता, बाहेरचा नाद नव्हता, बायकोची चारचौघांत स्तुती करणारा होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसून दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवण्यात त्याची उमर गेली होती. जग आपल्याला कधी धडकेल याची त्याला सतत धास्ती असे, आणि घरी आल्यावर ब्रेकवरचा पाय काढून तो जो पसरायचा, तो जेवायची हाक येईपर्यंत. त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट पक्की होती, ती म्हणजे घरात एखादी चांगली वस्तू आली की ती घराची झाली. टीव्ही जसा घराचा, तसंच तेलही.

सुरुवात धाकटीनंच केली, आणि ती चांगुलपणानं केली. थंडीच्या दिवसांत सासूबाईंचा खांदा आखडला. हात वर करून केस विंचरता येईनात. धाकटीनं साध्या तेलात लॅव्हेंडरचा थेंब मिसळला आणि त्यांचा खांदा हलक्या हातानं चोळून दिला. तिच्या हाताला एक समज होती. दुखरी जागा बोटाला आपोआप सापडे, आणि सापडली की तिथे ती घाई करत नसे. सासूबाई चोळता चोळता झोपल्या. जाग्या झाल्या तेव्हा त्यांनी हात वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "धाकटे, तुझ्या हाताला गुण आहे गं."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच काहीतरी चांगलं म्हटलं होतं. धाकटीला ते इतकं गोड लागलं की पुढचे आठ दिवस तिनं रोज त्यांचा खांदा चोळला. खांदा बरा झाला, पण चोळणं थांबलं नाही. खांद्यावरून ते पाठीवर गेलं, पाठीवरून गुडघ्यावर. मग नवऱ्यानं पाय पुढे केला. "अगं, ब्रेकचा पाय आहे. सगळ्या घराचं पोट आहे त्या पायावर." घर तिच्याही पगारावर चालत होतं, पण ते त्या क्षणी कुणाच्या ध्यानात आलं नाही, तिच्यासुद्धा.

थोरलीला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं बाई, आईंचं कुणीतरी बघतंय." थोरलीला उंटावरून शेळ्या हाकायची हौस फार. दर रविवारी ती नवीन काहीतरी सुचवायची. तळवे चोळ, मानेला शेक दे, झोपताना आईंच्या उशीवर थेंब टाक.

मग घड्याळवाले काका आले. दिवसभर खाली मान घालून त्यांची मान घड्याळाच्या तुटलेल्या काट्यासारखी एका जागी अडकली होती. "वहिनी, तुमच्याकडून तो वास आला की आम्हाला खाली बसल्या बसल्या बरं वाटतं. प्रत्यक्ष हात लागला तर काय होईल!" असं म्हणून ते खुर्चीत बसलेच. त्यांच्यामागून काकू. काकूंची बहीण. बहिणीची विहीण.

आणि एक दिवस नवऱ्यानं आपल्या मालकाच्या बायकोला आणलं. ड्रायव्हिंग स्कूलची नवी शाखा निघणार होती, तिथे मुख्य कोण होणार हे अजून ठरायचं होतं, आणि मालकीणबाईंची कंबर दुखत होती. नवऱ्याच्या मनात या तीन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या.

मालकीणबाई जाड होत्या, मोकळ्या होत्या आणि भरभरून बोलणाऱ्या होत्या. पालथ्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "अगं, तू नोकरी कशाला करतेस? दुकानच काढ की."

"ती माणसांचं आवडीनंच करते हो," नवरा दारातून म्हणाला. "घरी आली की तिला निवांत बसवतच नाही."

धाकटी मालकीणबाईंच्या कमरेवर अंगठे फिरवत होती. तिनं मान वर केली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो खरंच कौतुकानं हसत होता.

पुढच्याच आठवड्यात त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातलं तपासणीचं उंच टेबल टेम्पोत घालून आणलं. मुलीची खाट उचलून गच्चीत नेली. छोट्या खोलीत टेबल मावलं, पण त्याचा पाय दाराच्या आड येई, त्यामुळे दार पुरतं लागेना. कडीचा प्रश्नच मिटला. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या. मुलीनं फोनवर सांगितलं, "आई, बाबा म्हणत होते तुझं मस्त चाललंय! माझी खोली पार बदललीस म्हणे." धाकटी "हो" म्हणाली.

आता ती संध्याकाळी जिना चढून वर आली की खुर्च्यांवर माणसं बसलेली असत. त्यांनी आपापलं दुखणं मनात नीट मांडून ठेवलेलं असे. एकेक जण आत येई, टेबलावर पडे आणि सांगायला लागे. मुलगा ऐकत नाही, सून बोलत नाही, झोप लागत नाही, डावा खांदा असा असा दुखतो. धाकटी ऐके, मान हलवे आणि हसे. कचेरीत आणि घरात फरक एवढाच होता की घरी काच नव्हती.

जबडा पुन्हा दुखायला लागला.

ताईंनी ते ओळखलं. जेवणाच्या सुट्टीत धाकटी घास एका बाजूनं चावत होती.

"काय गं, तेल संपलं?"

"तेल आहे, ताई. पुष्कळ आहे."

"मग?"

धाकटीनं सगळं सांगितलं. ताई डब्याचं झाकण हातात धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू आधी नाही म्हणायला शिक. त्याची बाटली मिळत नाही, नाहीतर तीही आणून दिली असती."

धाकटीनं त्याच संध्याकाळी प्रयत्न केला. लोक गेल्यावर ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे हात अजून तेलकट होते.

"अहो, मला रोज पाव तास हवाय. एकटीला. दार लावून."

"पाव तासच ना? घे की. कोण नाही म्हणतंय?"

"मग उद्या मालकीणबाईंना नको म्हणून सांगा."

"उद्याचं कसं सांगू? त्यांना कबूल केलंय. परवापासून घे."

"परवा काकूंची बहीण आहे."

"मग रविवारी घे."

"रविवारी तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलमधल्या त्या दोघांना बोलावलंय."

नवरा मनापासून हसला. "बघ, तुला स्वतःलाच किती मागणी आहे ते पाठ आहे. अगं, लोक नाव घेतात तुझं. आधी या जिन्यात तुला कुणी ओळखत तरी होतं का?"

हे खरं होतं. पलीकडून सासूबाईंची हाक आली, "धाकटे, झालं असेल तर माझे पाय राहिलेत गं."

ताईंच्या निरोपसमारंभाच्या दिवशी धाकटीनं घरी सांगून ठेवलं होतं की उशीर होईल. खुर्च्यांवरच्या लोकांनाही नाही म्हणून कळवलं होतं. कचेरीत भाषणं झाली, हार झाला, साहेबांनी ताईंच्या हसतमुखपणाचा उल्लेख केला आणि ताई सगळ्यांदेखत मोठ्यानं हसल्या. नंतर धाकटी ताईंना रिक्षापर्यंत सोडायला गेली आणि परतताना बागेच्या कट्ट्यावर जरा वेळ टेकली. नुसतीच. शेजारी कुणी नव्हतं. तिनं रुमाल नाकाशी धरला, त्यावर सकाळचा थेंब अजून थोडा उरला होता.

त्या वेळी घरी सासूबाईंचे पाय वळत होते.

"धाकटी असती तर चोळले असते," त्या म्हणाल्या. "नेमकी आज तिला हिंडायचं सुचलं."

"त्यात काय एवढं," नवरा म्हणाला. "मी करतो. रोज बघतो मी."

तो रोज बघत होता हे खरं होतं. पण धाकटी तेलं आधी स्वयंपाकघरात मिसळून वाटीतून आणायची, आणि स्वयंपाकघरातलं त्यानं कधी काही पाहिलं नव्हतं. त्यानं टबात कढत पाणी ओतलं आणि फळीवरच्या बाटल्या हुंगून पाहिल्या. मागची बाटली उघडल्यावर दालचिनीचा वास आला. दालचिनी गरम असते, गरम म्हणजे पायाला चांगली, असा त्यानं विचार केला. थेंब टाकत बसण्याइतका त्याला दम नव्हता. त्यानं अर्धी बाटली टबात रिकामी केली आणि आईचे पाय पोटरीपर्यंत आत बुडवले. पाण्यात न मिसळलेलं सगळं तेल जसंच्या तसं कातडीला लागलं.

सासूबाई किंचाळल्या. त्यानं पाय बाहेर काढले, आणि बरं वाटावं म्हणून बाटलीतलं उरलेलं तेल हातानं चोळलं.

धाकटी जिन्यात आली तेव्हा काकू वरच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "कुठे होतीस गं? सासूबाईंचे पाय भाजलेत. तुझ्या तेलानं."

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटऱ्यांवरचे फोड पाहिले, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे न मिसळता कुणी लावलं?"

मग नवरा म्हणाला, "तेलाचं सगळं ही बघते, डॉक्टर. रोज ही करते, कधी काही झालं नाही. आज हिला यायला उशीर झाला."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. डॉक्टर धाकटीकडे वळले. "वयस्कर माणसाची कातडी असते बाई. तुम्हाला एवढं कळायला हवं होतं."

धाकटीनं सासूबाईंकडे पाहिलं. कुणाच्या हातानं काय झालं हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "मी तिला किती वेळा म्हटलं, हे असले वास घरात नकोत म्हणून."

धाकटीनं बोलायला तोंड उघडलं. सवयीनं हसूच आलं. डॉक्टरांना ते मुळीच आवडलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं सगळ्या बाटल्या एका पिशवीत भरल्या आणि खाली कचऱ्याच्या डब्यात नेऊन आपटल्या. लॅव्हेंडर, संत्रं, पुदिना, सगळं फुटून एक झालं. जिन्यात कितीतरी दिवस तो वास राहिला. जाणारे-येणारे नाकाला रुमाल लावून चढायचे. घड्याळवाल्या काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच आपलं दार लावून घेतलं. थोरलीनं फोनवर सांगितलं, "मला पहिल्यापासून शंका होती."

धाकटीला एक गोष्ट मात्र मनातून बरी वाटली होती. तेलं गेली, आता हे सगळं संपेल. टेबल परत जाईल, खाट खाली येईल. सासूबाईंच्या पायांची मलमपट्टी ती सकाळ-संध्याकाळ करत होती, आणि तेवढं झालं की तिला पुन्हा कडी लावता येणार होती. ती वासाशिवायही बसली असती. भांड्यात नुसतं पाणी घेऊन बसली असती.

पंधरवडा गेला. फोड सुकले. एका संध्याकाळी ती कचेरीतून आली, तर खुर्चीवर मालकीणबाई बसल्या होत्या.

"ये गं. कंबर नुसती धरलीय बघ."

"पण बाई, तेलं तर आता..."

"छे छे, तेल नकोच बाई!" मालकीणबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "ऐकलं मी सगळं. नुसता हात चालव. हातातच आहे गं तुझ्या सगळं."

नवरा आतून साध्या तेलाची वाटी घेऊन आला. कोमट करून आणली होती, त्यानं स्वतः. "हे घे. यानं काही होत नाही, मी विचारून घेतलंय."

आणि छोट्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. फार चालायला नको, स्वयंपाकघर जवळ हवं, म्हणून त्यांना आता कायमचं तिथेच आणलं होतं. "धाकटे, त्यांचं झालं की माझी पाठ घे. आणि हात नीट धू बाई आधी. अजून वास येतो तुझ्या हाताला."

धाकटीनं हात धुतले. मालकीणबाईंची कंबर चोळली, मग सासूबाईंची पाठ. त्या दिवशी कुणी तिला उशीर का झाला असं विचारलं नाही, कारण उशीर झालाच नव्हता. ती नेहमीच्या वेळेला आली होती आणि पुढेही नेहमीच्याच वेळेला येत राहिली. नव्या शाखेचा मुख्य दुसराच कुणी झाला. त्यानंतरही मालकीणबाई येतच राहिल्या, कारण कमरेचा आणि शाखेचा त्यांच्या मनात कधीच काही संबंध नव्हता.

पुढच्या महिन्यात धाकटी साहेबांपुढे बदलीचा अर्ज घेऊन उभी राहिली. कचेरीच्या तळघरात जुने, काढून आणलेले पाण्याचे मीटर ठेवायची खोली होती. फळ्यांवर मीटर रचलेले, वर एक दिवा, खिडकी नाही. एखाद्याचं आणि साहेबांचं पटलं नाही की त्याला तिथे पाठवत.

"तिथे?" साहेब म्हणाले. "तिथे आम्ही लोकांना शिक्षा म्हणून पाठवतो. दिवसभर माणूस दिसत नाही."

"हो, साहेब."

"तुमच्याविषयी तर एकही तक्रार नाही. तुम्ही खिडकीवर इतक्या छान..."

"साहेब, मला तिथेच द्या."

साहेबांशी बोलताना ती हसली नाही, असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी सही केली.

आता ती तिथे काम करते. सकाळी मीटरवरची चिकट माती पुसते, नंबर वाचते आणि फळीवर जागच्या जागी लावते. खोलीत ओलीचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास असतो. दुपारच्या सुट्टीत ती दार आतून लावून घेते, डबा खाते आणि सुट्टी संपेपर्यंत बसून राहते. घरी तिनं हे सांगितलेलं नाही, आणि कुणी विचारलेलंही नाही. घरच्यांना वाटतं, ती अजून खिडकीवरच बसते.